फोंड्यातल्या परसातली लाल माती आणि तांबडी भाजी

आपल्याकडची जांभ्याची माती मुळात आंबट, त्यात गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यामुळे नत्र (नायट्रोजन) आणि पोटॅश सगळं धुवून जातं, आणि स्फुरद (फॉस्फरस) असलं तरी मातीतलं लोह-ॲल्युमिनियम ते धरून ठेवतं, झाडाला मिळतच नाही. म्हणून लोक नुसतं खत ओतत बसतात ना, ते बघून खरंच वाईट वाटतं.

आधी प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. परसात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा काढा, साधारण १५ सेंमी खोल, कडेची पातळ खाप काढून सगळी एकत्र करा, सावलीत सुकवा, अर्धा किलो पुरते. पीएच (मातीचा आंबटपणा दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) ५.५ च्या खाली आला तर तो आंबटपणा मारायला डोलोमाइट (मॅग्नेशियमवाली चुनखडी) किंवा शेतीचा चुना घाला, किती ते रिपोर्ट बघूनच. पण चुना आणि शेणखत एकाच दिवशी अजिबात नको, अमोनिया होऊन नत्र हवेत उडून जातं, मध्ये दोन-तीन आठवडे सोडा.

मग कुजलेलं शेणखत, मूठभर नीमपेंड आणि थोडं हाडांचं खत, आंबट मातीत ते चांगलं लागू पडतं. चुलीची राख पोटॅश देते, पण तीही चुन्यासारखीच आंबटपणा कमी करते, म्हणून चिमटीनेच.

पावसाळ्यात खत एकदम देऊ नका, थोडं थोडं द्या आणि वाफ्यावर माडाची झावळं पसरा. माझ्या तांबड्या भाजीची (लाल माठाची) खालची पानं पिवळी पडायची, असं केल्यावर थांबली.