गळाला लागलेल्या समुद्री माशांवरचे बाह्य परजीवी ओळखताना या चुका टाळा

माशाच्या अंगावर किंवा तोंडात किडा दिसला की बहुतेक जण लगेच त्याचे नाव शोधू लागतात. ओळख मात्र बहुधा त्याआधीच, म्हणजे मासा खडकावर किंवा जेटीवर घेतल्यापासून तो बर्फाच्या पेटीत जाईपर्यंतच्या काही मिनिटांत, चुकलेली असते. किडा कोणत्या माशावर होता आणि अंगाच्या नेमक्या कोणत्या जागी होता, हे त्याच वेळी टिपले नाही, तर पुढे कितीही चांगले भिंग वापरले तरी उपयोग मर्यादितच राहतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मासा आधी स्वच्छ धुणे. कॅलिगससारख्या समुद्री उवा, म्हणजे माशाच्या त्वचेवर जगणारे छोटे कवचधारी जीव, घट्ट रुतलेल्या नसतात. त्या त्वचेवर सरकत राहतात आणि मासा मेला किंवा पाण्याचा फवारा बसला की सुटून जातात. सगळे मासे एकाच पेटीत टाकल्यास बोयीवरचा परजीवी जिताड्यावर सापडतो आणि नोंद खोटी ठरते. त्यामुळे पाहणी करायची असेल तर प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि शेवटी त्या पिशवीच्या तळाशी साचलेले पाणीही पांढऱ्या थाळीत ओतून पाहावे, कारण अंगावर नसलेले पुष्कळदा तिथे सापडते.

दुसरी चूक फक्त वरवर पाहण्याची आहे. छातीच्या परांखालची जागा, परांची मुळे, नाकपुड्या, तोंडाचा तळ आणि टाळू, आणि दोन्ही बाजूंची कल्ल्याची झाकणे उचलून आतील पोकळी तपासल्याशिवाय ‘काही नाही’ असे लिहू नये. नॉरिलेका इंडिका हा समपाद (सारख्या पायांच्या जोड्या असलेला कवचधारी) परजीवी बांगड्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत राहतो आणि त्याचे शरीर एका बाजूला वळलेले असते. झाकण उचलले नाही तर तो असलेला मासा बाहेरून धडधाकट दिसू शकतो. याच्या उलट, कल्ल्यांत अडकलेला आमिषाच्या कोळंबीचा पाय किंवा कल्ल्याच्या कमानीवरचे मूळचेच काटे परजीवी समजले जातात. अशा वेळी चिमट्याने हलवून पाहावे. काटे कमानीचाच भाग असतात, कोळंबीचा पाय सहज सुटतो आणि परजीवी सहसा नख्यांनी धरून ठेवतो.

तोंडात सापडलेल्या प्रत्येक किड्याला ‘जीभ खाणारा’ म्हणण्याची सवय तर आता सार्वत्रिक झाली आहे. सायमोथोआ एक्झिग्वा या ज्या प्रजातीमुळे ही ख्याती पसरली, तिचे वर्णन 1884 मध्ये झाले असून ती अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची आहे. कोकणच्या समुद्रात त्याच कुळातील इतर प्रजाती सापडतात, आणि तोंडात राहणारी प्रत्येक प्रजाती जिभेची जागा घेतेच असे नाही. जीभ खरोखर झिजली आहे का, हे आधी पाहावे. ती शाबूत असेल तर तसे लिहावे. अशा किड्याजवळ दुसरा, बराच लहान किडा दिसला तर त्याला वेगळी प्रजाती ठरवण्याची घाई करू नये. या कुळातील प्राणी आधी नर असतात व नंतर मादी होतात, त्यामुळे मोठ्या मादीजवळ छोटा नर असणे स्वाभाविक आहे. मादीच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात, प्रौढांना सात. म्हणजे पाय मोजूनही फसगत होऊ शकते! नॅथिड नावाच्या, काही मिलिमीटर लांबीच्या, रक्त शोषणाऱ्या पिल्लांना तर चालण्याच्या पायांच्या पाचच जोड्या असतात.

चपट्या, पारदर्शक उवेला आर्ग्युलस (माशांवरचा आणखी एक उवेसारखा कवचधारी परजीवी) म्हणणे ही आणखी एक नेहमीची गल्लत. आर्ग्युलसच्या पोटाच्या बाजूला दोन ठळक गोल चूषके असतात आणि मादी अंडी अंगावर न बाळगता दगड-वनस्पतींवर घालते. मागे अंड्यांच्या दोन दोऱ्या लोंबत असतील तर तो प्राणी आर्ग्युलस नाही; बहुधा कॅलिगसच्या जवळचा असतो. आर्ग्युलसच्या बऱ्याच प्रजाती गोड्या पाण्यातील आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

त्वचेतून दोऱ्यासारखे काही लोंबताना दिसले की ते ओढून काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरायलाच हवा. लेर्निनिकस किंवा पेनेला या दोऱ्यासारख्या कवचधारी परजीवींच्या मादीचे डोके मांसात खोल रुतलेले असते व त्याला फांद्यांसारखे फाटे असतात. ओढले की हाती येते ते फक्त शेपूट, आणि ओळखीसाठी लागणारा भाग आत राहतो. त्यामुळे मासा मेलेला असेल तर भोवतालच्या मांसाचा चौकोन कापूनच काढावा. पेनेलावर कधी कधी बार्नेकलही (खडकांना किंवा इतर प्राण्यांना चिकटून वाढणारे कवचधारी जीव) वाढलेले असतात. ते परजीवीचेच अवयव नव्हेत. मासा परत सोडायचा असेल तर फोटो घेऊन थांबावे.

आणि काहीच दिसले नाही तर? गोबऱ्यासारख्या माशाच्या त्वचेवरचे चपटे कृमी जिवंत असताना जवळजवळ पारदर्शक असतात. पाहणी आटोपल्यावर मेलेला मासा काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवला की ते पांढरे पडून गळतात आणि पाणी गाळल्यावर सापडतात.

फोटो वरून व खालून असे दोन्ही काढावेत, शेजारी मोजपट्टी असावी, आणि फोटोवरून कुळाच्या पुढे जाऊन प्रजातीचे नाव लिहू नये. नमुना 70 टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये ठेवावा. डीएनए तपासणीची शक्यता असेल तर 95 टक्के किंवा त्याहून तीव्र घ्यावे आणि फॉर्मालिन टाळावे. बाटलीच्या आत माशाचे नाव, अंगावरील जागा, ठिकाण व तारीख यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून टाकावी, कारण बऱ्याच पेनांची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाकडे किंवा मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेकडे विचारणा करताना अशी चिठ्ठी असलेली बाटली आणि दोन फोटो सोबत असावेत.