मिसळ येईपर्यंत बातमी कशी तपासायची

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, म्हणजे तयार जॉबची मापं तपासायला, सतरा वर्षं झाली. आठवडाभर मायक्रोमीटर आणि गेज. रविवारी सकाळी साडेसातला सोमेश्वरच्या बाजूला, एका मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी आम्ही चौघं भेटतो. मी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका, आणि बागेचं काम आवरलं असेल तर निफाडहून येणारे भाऊ. ऑर्डर दिल्यापासून ताट समोर येईपर्यंत वीसेक मिनिटं जातात. तेवढ्या वेळात विज्ञानाची नाहीतर कॉम्प्युटरची एक बातमी उलगडायची, असा आमचा रिवाज आहे. कुणाला असा कट्टा जमवायचा असेल तर आमची पद्धत सांगते.

एका ताटाला एकच बातमी. आणणाऱ्याने मथळा वाचून दाखवायचा नाही. काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. निम्म्या बातम्या इथेच गळतात, कारण सांगायला तोंड उघडलं की कळतं, मथळ्याखाली आपण काही वाचलंच नव्हतं. (भाचा हे मान्य करत नाही.) माणसं चारच बरी. सहा झाली की दोन टेबलं लागतात आणि दुसऱ्या टेबलावर क्रिकेट सुरू होतं.

मग पहिला प्रश्न, आणि तो माझा: मोजलं काय, आणि कशाने?

हा प्रश्न मला नोकरीने शिकवला. पहिल्याच वर्षी मी पन्नास एमएमच्या बुशांचा अख्खा ट्रे रिजेक्ट केला होता. सगळे वरच्या लिमिटच्या बाहेर. सेटर भांडायला आला, सुपरवायझर आले, आणि चहा होईपर्यंत तेच बुश मापात बसले. मशीनवरून ताजे उतरलेले गरम जॉब मी मोजले होते. पन्नास एमएमचं लोखंड वीस अंशांनी तापलं की अकरा-बारा मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग) फुगतं, आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरकच, दहाचा होता. मायक्रोमीटर खोटं बोलत नव्हता. मी चुकीच्या वेळी विचारलं होतं.

सप्टेंबर २०११मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांचं जवळपास असंच झालं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण जमिनीखालून ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचत होते, तेही प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी. जगभर मथळे झळकले, प्रकाशाहून वेगवान काही नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला म्हणून. ज्यांनी मोजलं त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. चूक शोधा, असं तेच सगळ्यांना सांगत होते. काही महिन्यांनी सापडलं: जीपीएसची वेळ कॉम्प्युटरपर्यंत नेणारी ऑप्टिकल फायबरची एक केबल नीट बसलेली नव्हती. ही गोष्ट मी नव्या ट्रेनींना सांगते. कुणी हसलं की त्याला त्याच्याच गेजचं कॅलिब्रेशन कार्ड दाखवायला लावते.

दुसरं काम हिशोबाचं. बातमीतला आकडा आपल्या ओळखीच्या मापात आणायचा. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, बिलाची पाठकोरी बाजू पुरते. डिसेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर एका बारीकशा गोळीवर रोखून अणूंचं संमीलन (सूर्यात चालतं तेच) घडवलं. लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत गेली, ३.१५ बाहेर आली. ‘सूर्य जमिनीवर आणला’ वगैरे झालं. आता मेगाज्यूल म्हणजे किती, हे टेबलावर कुणाला सांगता येईना. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे बाहेर आलं पाऊण युनिटाहून थोडं जास्त. दोन किलोवॉटचा गिझर सव्वीस मिनिटं. आणि ते लेसर चालवायला भिंतीतल्या तारेतून घेतले सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिटं. हिवाळ्यात आमच्या घराचं महिन्याचं बिल साधारण तेवढ्याचंच येतं.

काका म्हणाले, “मग हे नुकसानच की.” भाचा उसळला. त्याचंही खरं होतं: गोळीवर पडली त्याहून जास्त ऊर्जा गोळीतून निघाली, हे तोवर कुठल्याच प्रयोगशाळेला जमलेलं नव्हतं. दोघंही बरोबर, फक्त प्रत्येकाने मोजपट्टी वेगळ्या ठिकाणी लावलेली. गोळीपाशी मोजलं तर फायदा, भिंतीतल्या सॉकेटपाशी मोजलं तर तोटा. मग आम्ही नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेलो, म्हणजे हिशोबात. तिथले २१० मेगावॉटचे तीन संच पूर्ण भाराने चालले तर सेकंदाला ६३० मेगाज्यूल. ती ऐतिहासिक ३.१५ एकलहऱ्याच्या सेकंदाचा दोनशेवा भाग निघाली. एवढं झाल्यावर बातमी लहान वाटली का? मला तरी नाही. उलट पहिल्यांदा तिचा आकार कळला.

प्रोग्रॅमिंगची बातमी असेल तर वाद घालण्याआधी हाताने करून बघा; या एका विषयात ते फुकट जमतं. एआयला शब्दातली अक्षरं मोजता येत नाहीत, अशी एक चर्चा फार चालली होती. भाच्याने फोनवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडली आणि ‘त्र्यंबकेश्वर’ची लांबी विचारली. उत्तर आलं १३. काकांनी बोटांवर मोजलं: त्र्यं, ब, के, श्व, र. पाच. मग फाइलमध्ये तोच शब्द किती बाइट घेतो ते पाहिलं, तर ३९. शब्द एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. पायथॉन युनिकोडची (कॉम्प्युटरमधल्या लिपीचिन्हांच्या यादीतली) चिन्हं मोजतं, त्यात हलन्त, अनुस्वार, मात्रा सगळे वेगळे धरले जातात. फाइलमध्ये मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एआयला तर शब्द आपल्यासारखा दिसतच नाही. त्याच्यापुढे मजकूर येतो तो टोकन नावाच्या तुकड्यांत, आणि ते तुकडे अक्षरांच्या हद्दी पाळत नाहीत. एवढं कळलं की ‘एआय मूर्ख आहे’ आणि ‘एआय सगळं खाणार’ ही दोन्ही भांडणं आपोआप मऊ पडतात. तुम्ही तुमच्या गावाचं नाव घालून बघा. नाशिकची तीन अक्षरं, पाच चिन्हं.

काहीतरी बंद पडल्याची बातमी असली तर मात्र मी टेबलावर पुढे सरसावते, कारण रिजेक्शनचं कारण शोधणं हाच माझा धंदा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर गेली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. त्या दिवशी सगळीकडे सायबर हल्ल्याची कुजबुज होती. अशा दिवशी मत द्यायचं नाही, दोन-तीन आठवडे थांबायचं. कंपनी मूळ कारणाचा अहवाल काढते, तो चहासोबत वाचण्यासारखा असतो. तपासणीच्या साच्यात रकाने २१ ठरवलेले, आणि प्रोग्रॅम माहिती पुरवत होता २० रकान्यांची. चाचण्यांमध्ये हे पकडलं गेलं नाही, कारण एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्लॅंजला २१ भोकं, गेजला मात्र २० पिना. एकविसावं भोक कुणी तपासलंच नाही.

याच्या उलट गोष्ट एक्सझेडची, आणि ती माझी सगळ्यांत लाडकी. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला जाणवलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. ०.३ सेकंदाच्या जागी ०.८. खणत गेला तर एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमच्या संचात) कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. दोन वर्षांहून जास्त काळ प्रामाणिकपणे काम करून तो बसवणाऱ्याने विश्वास कमावला होता. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, स्पिंडलचा आवाज बदलला की ते मशीन बंद करत. बेअरिंग दोन दिवसांनी गेलं असतं. अर्ध्या सेकंदाची ती बातमी वाचताना मला तेच आठवले.

तिसरा प्रश्न काकांचा: दुसऱ्या कुणी मोजलं का? जुलै २०२३च्या एलके-९९वर आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. शिसं, तांबं, फॉस्फरस, ऑक्सिजन. साध्या तापमानाला अतिवाहक म्हणे, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ भाच्याने पाच वेळा दाखवला. तो कोरियन लेख प्रीप्रिंट होता, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधी लेखकांनी स्वतः चढवलेला. तसं चढवण्यात गैर काही नाही, पण आपण तो फर्स्ट पीससारखा, म्हणजे लॉटच्या पहिल्या नगासारखा बघायचा: लॉट अजून पास झालेला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ बनवून पाहिला, अतिवाहकता काही दिसली नाही. शंभर अंशांच्या जरा वर विद्युतरोध एकदम पडत होता तो त्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, आणि शुद्ध स्फटिक बनवला तेव्हा तो चक्क विद्युतरोधक निघाला. काकांनी जन्मभर छापील कागदातला दोष शोधला, त्यामुळे त्यांची एक वहीच आहे. डावीकडे बातमी आणि तारीख, उजवं पान कोरं. सहा महिन्यांनी उघडायचं. एलके-९९चं उजवं पान महिन्याभरातच भरलं. बहुतेक पानं अजून कोरी आहेत, बॅटरीची तर सगळीच.

चौथा प्रश्न भाऊंचा, आणि तो शेवटी ठेवावा, नाहीतर आधीचे तिन्ही राहून जातात: “माझ्या शिवारात याचं काय?” गेल्या खेपेला भाच्याने बीवायडी या चिनी गाड्यांच्या कंपनीच्या मार्च २०२५च्या घोषणेचा विषय काढला. पाच मिनिटांच्या चार्जिंगमध्ये सुमारे ४०० किलोमीटर, चार्जर एक मेगावॉटचा. भाऊंनी पापड मोडत विचारलं, “मेगावॉट म्हणजे किती डीपी?” त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, शंभर केव्हीएची आहे, साधारण शंभर किलोवॉट. हजार किलोवॉट, म्हणजे एका गाडीला दहा डीपी, तेही सगळ्यांचे पंप बंद ठेवून.

“आमची एक जळाली तर आठ दिवस बाग कोरडी राहते,” भाऊ म्हणाले.

भाचा सांगायला लागला की चार्जरपाशी मोठी बॅटरी आधीच हळूहळू भरून ठेवता येते, मग तारेवर एवढा भार येत नाही. ती किती युनिटांची लागेल, दिवसाला गाड्या किती धरायच्या, हे बिलाच्या पाठीवर अर्धं झालं होतं तेवढ्यात ताटं आली आणि रस्सा नेमका त्या हिशोबावर सांडला. काकांनी वही काढून तारीख घातली.