घरातली ठाणे–वाशी, एका पेन्सिल सेलवर

प्लास्टिकच्या रुळांवरची सेलवाली गाडी घरात आली की आठवडाभरात दोन हौशी उफाळतात: आणखी डबे लावायचे आणि आणखी जोरात पळवायची. मग गाडी चढावर घरघरत उभी राहते, वळणावर आडवी होते आणि सगळा दोष मोटरच्या माथी जातो. मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. अडतं ते चाकांच्या पकडीत, आसांना गुंडाळलेल्या केसांत आणि सेलच्या गंजलेल्या पट्टीत. म्हणून आधी गाडी नीट चालती करायची, रंग आणि स्टिकर नंतर. उलट केलं तर रंगवलेली बॉडी चार वेळा उघडावी लागते आणि प्रत्येक वेळी एक नवा ओरखडा पडतो.

इथली मापं टॉमी या जपानी कंपनीच्या प्लारेल गाड्यांची आहेत. निळे रूळ, पुढच्या डब्यात मोटर, मागे दोन साधे डबे. १९५९ साली ही गाडी हाताने ढकलायची होती, १९६१ साली तिला मोटर बसली, आणि रुळांचं मूळ माप अजून तेच आहे. बाजारात तशाच दिसणाऱ्या रुळांचे बरेच स्वस्त सेट मिळतात. घ्यायला जाताना आपला एक रूळ खिशात टाकून न्या आणि दुकानातच जोडून बघा. जोडाची जीभ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी रूळ जुळल्यासारखे वाटतात, पण मध्ये पायरी राहते आणि पुढचं चाक नेमकं तिथेच उडतं.

टाइल मोजा, मग रूळ

सरळ रूळ साधारण साडेएकवीस सेंटिमीटरचा असतो. आठ वळणांचा पूर्ण गोल होतो आणि त्याला बाहेरून अर्ध्या मीटरपेक्षा जरा कमी जागा लागते. आठ वळणं आणि प्रत्येक बाजूला दोन सरळ रूळ घेतले की लंबगोल सुमारे ९० सेंटिमीटर लांब होतो. ठाण्या-वाशीच्या हॉलमधल्या दोन बाय दोन फुटांच्या टाइलवर हिशोब सोपा आहे: दोन टाइल लांब, एक टाइल रुंद. सोफा न सरकवता बसतं.

सतरंजीवर किंवा गालिच्यावर रूळ मांडू नका. खालून दबतात, जोड उघडतात आणि लोकरीचे तंतू थेट गिअरमध्ये जातात. रुळांचा जोड टाइलच्या सांधीवर येत असेल तर अख्खा लंबगोल चार बोटं सरकवा. उजव्या वळणाला लागूनच डावं वळण आलं तर मध्ये निदान एक सरळ रूळ घाला. नाहीतर दोन डब्यांमधली कडी एकदम उलट दिशेला वळते आणि मधला डबा उचलला जातो.

या लंबगोलाची एक फेरी सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. नव्या सेलवर दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजून सेटच्या खोक्यावर लिहून ठेवा. पुढे कधी त्याच दहा फेऱ्यांना पाचवा हिस्सा जास्त वेळ लागू लागला आणि सेलही ताजा असला, तर साफसफाईची वेळ झाली.

साफसफाई

सेल काढा. खालचे स्क्रू बारीक फिलिप्स पान्याने काढून चुंबकावर ठेवा. बॉडी बहुतेक खाचेत अडकवलेली असते. पान्याने उचकटायचं नाही. जुनं एटीएम कार्ड कडेने सारून खाच मोकळी करायची.

पहिली नजर मागच्या चाकांवर. प्लारेलमध्ये ओढणारी चाकं हीच आणि त्यांच्यावर रबराची कडी असते. चाक आणि बॉडीच्या मधल्या फटीत, आसाभोवती, केस सापडतातच. ब्लेडने कापू नका, आसावर चर पडतो. टाचणीने एक वेढा सैल करायचा, चिमट्याने टोक धरायचं आणि चाक उलटं फिरवत ओढत राहायचं. केस सुतासारखा अखंड निघतो. रबर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काळा थर निघून रबर पुन्हा मॅट दिसलं की पकड परत आली. पुसूनही ते चकचकीतच राहिलं तर झिजलंय. तात्पुरता इलाज म्हणजे फुग्याच्या मानेची दोन-तीन मिलिमीटर रुंद कापलेली चकती. मात्र दोन्ही चाकांचं रबर एकाच वेळी बदलायचं. एक जाड, एक पातळ राहिलं तर गाडी सरळ रुळावरही एका बाजूला घासत जाते.

मोटर वाजते पण चाकं फिरत नाहीत, असं असेल तर मोटरच्या दांड्यावरचं चिमुकलं गिअर पाहा. प्लास्टिकचं हे गिअर दांड्यावर घट्ट ठोकलेलं असतं आणि काही वर्षांनी त्याला उभी चीर जाते. चीर गेली की दांडा आत नुसता गरगरतो. फेविक्विक लावू नका. तो दांड्यावरून उतरून मोटरच्या बेअरिंगमध्ये जातो आणि मग मोटरही गेली. दात मोजून तेवढ्याच दातांचं गिअर घ्या. जुन्या गाड्यांत १३० साइजची मोटर असते, तिचा दांडा २ मिलिमीटरचा. मोटर आणि गिअर दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात: ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वे पकडून ग्रँट रोड.

तेल आसाच्या टोकांना, टाचणीच्या अग्रावर मावेल इतकंच, आणि तेही सिलिकॉनचं. घरात हाताशी असलेलं खोबरेल वापरण्याचा मोह होतो. ते थंडीत थिजतं, उन्हाळ्यात धूळ धरतं आणि दोन्हींचा मिळून राळेसारखा चिकटा होतो. रबरावर कुठलंच तेल लागता कामा नये.

डबेही तपासा. रुळाच्या एका टोकाखाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीची वही ठेवा आणि डबा वरून सोडा. तो आपणहून घरंगळला पाहिजे. अडखळला तर आस वाकलाय किंवा केस आहेत. असा एक डबा मोटरला दोन चांगल्या डब्यांइतका जड पडतो.

सेल

नव्या गाड्यांना एक पेन्सिल सेल लागतो. अल्कलाइन सेल दीड व्होल्टने सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. रिचार्जेबल सव्वा व्होल्टच्या आसपासचा, त्यामुळे वेग जरा कमी, पण तो शेवटपर्यंत बराच टिकून राहतो. रोज चालवणाऱ्यांनी रिचार्जेबलच घ्यावेत.

बाजारात अगदी याच आकाराचा लिथियम सेलही मिळतो, १४५०० नावाचा. खाचेत फिट बसतो. तो ३.७ व्होल्टचा असतो. गाडी पहिल्याच वळणावर बाहेर फेकली जाते, मोटरचे ब्रश (आत वीज पोचवणारे घासते संपर्क) जळतात आणि गाडी अडकून मोटर थांबली तर सेल तापतो. मुलांच्या हातातल्या गाडीत तो घालूच नये.

सेल गळून पट्टीवर पांढरी बुरशी आली असेल तर तो कुठल्या जातीचा होता ते बघा. अल्कलाइनचं गळणं अल्कधर्मी, त्यावर कापसाने व्हिनेगर. साध्या स्वस्त झिंक-कार्बन सेलचं आम्लधर्मी, त्यावर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. दोन्ही वेळा हातमोजे घाला, मग ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्या आणि पट्टी खोडरबराने घासा. पावसाळ्यात आपल्याकडे न गळताही पट्ट्या काळवंडतात. तेव्हा खोडरबर एवढंच पुरतं.

तीनाचे सहा डबे

खरी लोकल १२ किंवा १५ डब्यांची, म्हणून घरातली निदान सहाची तरी हवी, ही इच्छा रास्त आहे. एक मोटर साफ असलेले चार-पाच डबे सपाटीवर ओढते. त्यापुढे मोटर ओरडते आणि चाकं जागच्या जागी घसरतात. इथे जोर नाही, वजन कमी पडतं. एम-६ चे पाच-सहा नट, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास, मोटरच्या डब्यात बरोबर मागच्या आसाच्या वर दुहेरी टेपने चिकटवा. पुढच्या बाजूला चिकटवलेल्या वजनाचा उपयोग नाही. ते न ओढणाऱ्या चाकांवर पडतं.

डब्यांचा क्रमही महत्त्वाचा. जड डबा मोटरच्या लगेच मागे, हलके शेवटी. शेवटचा डबा जड असेल तर वळणावर गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ व्हायला बघते आणि मधला हलका डबा आतल्या बाजूला कलंडतो. तुम्ही रुळाकडे बघत बसता आणि दोष असतो शेपटीत.

दोन मोटरडबे लावायचे तर एक पुढे, दुसरा मधोमध. आधी दोन्ही एकेकटे त्याच दहा फेऱ्या पळवून वेळ घ्या. वेगवान असेल तो पुढे. कड्या ताणलेल्या राहिल्या पाहिजेत. मागचा वेगवान असला तर तो पुढच्या डब्यांना ढकलतो आणि वळणावर ढकललेला डबा उतरणारच. दोन्हींत एकाच दिवशी चार्ज केलेले, एकाच कंपनीचे सेल घाला.

सावकाश चालवणं

या गाड्या मुळातच जोरात पळतात. लोकल फलाटात शिरताना जशी दिसते तशी चाल हवी असेल तर सेल आणि मोटरच्या मध्ये काहीतरी घालावं लागतं. बरेच जण एक-दोन ओहमचा रेझिस्टर घालतात. गंमत अशी की सुटताना मोटर सगळ्यात जास्त करंट मागते आणि रेझिस्टर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त व्होल्टेज खातो. गाडी चालताना छान, पण बोटाने ढकलल्याशिवाय सुटत नाही. त्याऐवजी १एन५८१७ हा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) लावा. तो साधारण ०.३ ते ०.४ व्होल्ट खातो आणि करंट वाढला तरी फारसा बदलत नाही. नेहमीचा १एन४००७ घेऊ नका. तो ०.७ व्होल्टच्या आसपास खातो. दीड व्होल्टातून तेवढे गेल्यावर उरतं काय?

डायोडवरची पट्टी मोटरच्या बाजूला, दुसरं टोक सेलच्या धन पट्टीकडे. डाग २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, दोन सेकंदांत. जास्त वेळ टेकवलं तर मोटरचं प्लास्टिकचं झाकण मऊ पडतं आणि ब्रश जागचे हलतात.

दिवे

पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, एका पेन्सिल सेलवर तो लागत नाही. बटण सेल घालून सहज लागतो, पण लहान मूल असलेल्या घरात ते टाळा. गिळलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो. वापरायचाच तर स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यात. जास्त बरा मार्ग म्हणजे बागेतल्या बिघडलेल्या सोलर दिव्यातला बोटभर बोर्ड. तो सव्वा व्होल्टवर एलईडी पेटवण्यासाठीच बनलेला असतो. सोलर पॅनलच्या वायरी कापल्या की दिवा दिवसाही चालू राहतो. सेलच्या वायरी गाडीच्या स्विचनंतर जोडा. दिवा थरथरला तर मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

तुर्भ्याचा सांधा, पारसिकचा बोगदा

ट्रान्स-हार्बर या लोकलमार्गाचा नकाशा या रुळांना छान बसतो. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, आणि तिथून एक फाटा सानपाडा-वाशीला, दुसरा जुईनगर-नेरूळला. तुर्भ्याला एक सांधा (गाडी दुसऱ्या मार्गावर वळवणारा रूळ), परतीला दुसरा. सांध्याचं पातं फुंकरीइतक्या जोराने हललं पाहिजे, कारण उलट बाजूने येणारी गाडी ते आपल्याच चाकाने सारते. पात्याच्या मुळाशी कापूस-धूळ अडकली की ते अर्धवट राहतं आणि पुढचा डबा वाशीला, मागचा नेरूळला जातो. जुना टूथब्रश फिरवा, तेल नको. रुळांतून वीज जात नसल्यामुळे गाडी फिरवून आणणारा फासही बिनधास्त टाका. विजेच्या रुळांवर तिथे शॉर्ट होतो.

चढ देताना एका रुळामागे दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढवू नका आणि उतार संपल्यावर दोन सरळ रूळ ठेवूनच वळण घ्या.

बोगदा पुठ्ठ्याचा. वळणावरचा असेल तर डब्याची टोकं बाहेर झुकतात. सगळ्यात लांब डब्याच्या कोपऱ्याला पेन्सिलीचा तुकडा टेपने लावा, टोक १० मिलिमीटर बाहेर काढा आणि डबा हाताने आतून फिरवा. जिथे रेघ उमटली तिथे पुठ्ठा कापा.

पांढरी-जांभळी

मध्य रेल्वेच्या लोकलचा रंग द्यायचा तर दोन्ही टोकांना सारखाच चेहरा असलेला सेट निवडा. पुढे मोटरमन, मागे गार्ड. बॉडी मोटरपासून वेगळी करून भांड्यांच्या साबणाने धुवा, १००० नंबरच्या पॉलिशपेपरने ओली घासा, वाळवा. मग प्रायमर, पांढरा रंग, एक दिवस थांबून मास्किंग टेप आणि जांभळा. पातळ तीन हात द्या, एक जाड हात नको. टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढा; सरळ वर न उचलता मागे दुमडून ओढा. स्प्रेचा पहिला फवारा बॉडीच्या आतल्या बाजूला मारून बघा. थिनर प्लास्टिक खात असेल तर तिथेच कळेल. रूळ मात्र रंगवू नका, त्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, सोलपटं निघून चाकांत जातात.

गणपतीत मखराभोवती फिरवायची असेल तर रंगकाम मे महिन्यातच उरका. जून-जुलैच्या दमट हवेत लॅकर स्प्रेवर पांढरट साय धरते आणि ती पुसून जात नाही. मखराजवळ रूळ समई-निरांजनापासून हातभर लांब ठेवा आणि सेलचे दोन संच करा, एक गाडीत, एक चार्जरवर. अर्ध्या तासाने गाडी थांबवून मोटरच्या भागाला हात लावा. गरम लागली तर आरती होईपर्यंत तिला यार्डात उभी करा. विसर्जनानंतर सेल काढूनच गाडी खोक्यात भरा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.