पतंगांची नोंद: सापळा रात्री, वही पहाटे

आधीच सांगतो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री उडणारे पतंग मोजायला अंगणात दिव्याचा सापळा लावला तर पहिल्या रात्री हाती फार काही लागणार नाही. पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी. अशा दिवसांत बऱ्याच जाती कोशात बसून पावसाची वाट बघतात. तरीही सापळा लावा, आणि रिकामी रात्रही लिहा. "शून्य" लिहायला लाज वाटते म्हणून ती ओळ गाळली, तर वळवाच्या पहिल्या सरीनंतर पतंग खरंच अचानक वाढले, की तुम्ही त्याआधी सापळाच लावला नव्हता, हे वहीवरून कळणार नाही.

सापळा घरीच होतो. झाकणाची बादली घ्या, झाकण कापून त्यात मोठं नरसाळं बसवा आणि वर अतिनील ट्यूब लावा. नरसाळ्याचं खालचं तोंड चार-पाच सेंटिमीटर तरी रुंद हवं, नाहीतर मोठे पतंग अडकून पंख झिजवतात. आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवा, पतंग त्यांच्या खळग्यांत शांत बसतात. बादलीच्या तळाला बारीक भोकं पाडा, वळीव सांगून येत नाही. वायर पाण्यापासून दूर ठेवा आणि ट्यूबकडे टक लावून बघू नका. पिवळ्या एलईडीवर वेळ घालवू नका, पतंग तिकडे फारसे फिरकत नाहीत.

बादली भिंतीच्या सावलीत, पूर्वेचं ऊन पडणार नाही अशी ठेवा. मेअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्याआधीच सापळा उघडायचा. उशीर केलात तर बादली तापून पतंग मरतात आणि बुलबुल-दयाळांचा नाश्ता होतो. मुंग्या तर रात्रीपासूनच तयार असतात. मी पहाटे उठून कूलरची जाळीही बघतो, ओल्या वाळ्याला दोन-तीन पतंग चिकटलेले असतात. आजी विचारते, "काऊन रे बाबू, पाखरं कायले मोजून राह्यला?"

आता नोंद. तारीख सापळा लावला ती संध्याकाळ आणि दुसरी पहाट अशी दोन्हींची, "२८-२९ मे" अशी. ठिकाण, दिव्याचा प्रकार, किती वाजल्यापासून कितीपर्यंत, ढग, वारा, चंद्र, तापमान. मग एकेक पतंग: संख्या आणि फोटो. फोटो वरून, पंख पसरलेले असताना, शेजारी पट्टी ठेवून घ्या. पुढच्या पंखाची लांबी मुळापासून टोकापर्यंत मोजा. चपळ असेल तर डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे.

नावाची घाई करू नका. बारीक तपकिरी पतंगांपुढे "तपकिरी, १२ मिमी, ३" एवढं लिहिलं तरी चालतं. चुकीच्या नावापेक्षा ते बरं. ओळखता येतील असे काही आहेतच. हिरव्या-गुलाबी नक्षीचा मोठा पतंग दिसला तर कण्हेरीच्या झुडपाकडे बघा, त्याच्या अळ्या कण्हेर आणि तगर खातात. पुढचे पंख सुक्या पानासारखे आणि उचलले की खाली नारिंगी पंखावर काळे डाग, असा पतंग मिळाला तर संत्र्याच्या बागायतदारांचा वैरी समजा. त्याची सोंड सालीत भोक पाडून रस ओढते. त्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, आणि आपल्याकडे कुंपणावर, कडुनिंबावर गुळवेल किती आहे हे सांगायला नको. म्हणून कुंपणावरच्या वेलींचीही एक ओळ वहीत असू द्या.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार दुरुस्ती करतात. पतंग मात्र सापळ्यापासून लांब, दाट झुडपाच्या सावलीत सोडा. एकाच अंगणात रोज सापळा लावू नका, आठवड्यातून एक-दोन रात्री पुरे. लगेच लावला तर तेच पतंग परत येतात आणि आकडा फुगतो.