जुनी बोर्दो उघडताना

जुन्या रेड वाईनबद्दल सगळ्यात जास्त फिरणारा आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘रूम टेंपरेचरला प्या’. ही रूम युरोपातल्या थंड दगडी घरातली, पुण्यातली मे महिन्याची नव्हे. 16 ते 18 अंश हवेत. आपल्याकडे थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून काढली की काम होतं.

कुठली बाटली मुरवायची? बहुतेक बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाईन्स, चार-पाच वर्षांत प्यायच्या असतात, त्या उगाच जपू नका. मुरतात त्या मुख्यतः बोर्दोतल्याच मेदोक पट्ट्यातल्या, म्हणजे पोयाक, सें-जुलियाँ अशा गावांच्या. 1855 साली बोर्दोच्या वाईन्सची अधिकृत प्रतवारी झाली, तिच्यातल्या शातोंच्या (वाईन बनवणाऱ्या मळ्यांच्या) वाईन्स चांगल्या सालच्या असतील तर वीस-तीस वर्षं सहज काढतात. त्यांत कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाचा भाग मोठा, त्यामुळे तरुणपणी जीभ आकसावी इतका तुरटपणा. वर्षं जातात तसे हा तुरटपणा आणणारे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. वाईन मऊ होते, रंग विटकरी होतो आणि बाटलीत गाळ जमतो.

साठवणूक: आडवी, अंधारात, 12-13 अंशांवर, हादरे नकोत. घरी वाईन कॅबिनेट नसेल तर महागडी बाटली घेऊन ठेवण्याच्या फंदात पडू नका. स्वयंपाकघरातल्या कपाटात दोन उन्हाळे काढलेली वाईन शिजलेल्या मनुक्यांसारखी लागते.

आता गाळाचं. 1996 ची एक पोयाक मी कोथरूडहून कल्याणीनगरपर्यंत रिक्षात, मांडीवर सांभाळत नेली. प्रत्येक गतिरोधकाला बाटली हलत होती, आणि पोचल्या पोचल्या मी ती उघडली. पेल्यात आला तो गढूळ, कडवट काढा. यजमान काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासूनचा माझा नियम: जुनी बाटली आदल्या दिवशीपासून उभी. दोन दिवस मिळाले तर आणखी चांगलं. जेवण दुसऱ्याच्या घरी असेल तर बाटली आधीच तिथे पोचवायची.

मग बूच. वीस-पंचवीस वर्षांचं बूच भिजून मऊ झालेलं असतं, साधा स्क्रू त्यात घुसतो आणि मधला भाग तेवढा उपसून आणतो. दोन पातींचा ओपनर घ्या. लांब पाती आधी, मग आखूड, बुचाच्या कडेने डुलवत खाली सरकवा आणि गोल फिरवत वर काढा. तरीही तुकडा आत पडलाच तर घाबरू नका, ओतताना स्टीलची बारीक गाळणी धरा. कॉफीच्या कागदातून गाळा असं सांगणारे भेटतील. मला त्या कागदाचा वास वाईनमध्ये लागतो.

ओतण्यासाठी बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च लावा आणि डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, एकाच संथ धारेत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केलीत की गाळ उसळलाच. तूप ओतताना बेरी धारेशी आली की हात आपोआप थांबतो ना, अगदी तसंच. बोर्दोच्या बाटलीचा खांदा उभा असतो, गाळ तिथे अडतो. काळसर धागा मानेत सरकताना दिसला की थांबा. तळाशी दोन बोटं वाईन राहील. ती वाचवायला जाल तर अख्खा डिकँटर घालवाल. (सोनारासारखं शेवटच्या थेंबापर्यंत जाणारे मित्र मला आहेत. त्यांच्या हातात मी बाटली देत नाही.)

तरुण, तुरट बोर्दो दोन तास डिकँटरमध्ये राहिली तर सुधारते. जुनीचं उलटं. फ्रान्सच्याच बुर्गुंडी भागातली, पिनो न्वार द्राक्षाची जुनी वाईन तर मी डिकँट करतच नाही, बाटलीतूनच हळू ओततो.

पेला मोठा, एक तृतीयांशच भरलेला. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून. मुरलेल्या पोयाकमध्ये देवदाराचं लाकूड, तंबाखू, ओली माती असं येतं. फळाचा वास मागे गेलेला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं होतं, ती वाईन बाजूला ठेवा.

सोबत भाजलेलं कोकरू, मसाला कमी. तिखट रश्शापुढे ही वाईन मुकी होते.

आणि उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी थांबू नका. खूप जुनी बाटली कधीकधी ओतल्यावर तासाभरातच उतरते.