वर्ज्य आहार आणि सकाळचा चहा : माझा अनुभव

पोट सतत फुगायचं, म्हणून आहारतज्ज्ञ ताईंनी लो-फॉडमॅप आहार सुचवला, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळायची. गहू, कांदा, लसूण, दूध काही आठवडे बंद, मग एकेक करून परत सुरू. प्रश्न उरला चहाचा.

माझं ठाम मत: चहातलं कॅफीन सोडायचंच असेल तर ते आहार सुरू करण्याआधी सोडा, त्याच दिवशी नाही. कॅफीन एकदम तोडलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, मरगळ येते, चिडचिड होते आणि हे आठवडाभरही टिकू शकतं. मग त्रास कशाचा, हेच कळत नाही.

म्हणून मी आधी चहाची पावडर हळूहळू कमी केली. चार चमच्यांतला एक कमी, काही दिवसांनी आणखी एक. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचून घ्यायचे. डोकं शांत राहिलं, तेव्हाच आहार सुरू केला.

पुढे दूध आणि चहा वेगवेगळे तपासले. आधी आलं घातलेला कोरा चहा: पोट ठीक. मग नुसतं कपभर दूध: तासाभरात गुडगुड! दोष लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा निघाला. आता लॅक्टोजमुक्त दुधाचा चहा घेते, सकाळी एकच कप.