शिलाईच्या टेपने अंगातली चरबी कशी मोजायची

सांगलीत विश्रामबागला माझं शिवणकामाचं दुकान आहे. माप देताना बायका हमखास विचारतात, "ताई, वजन तर तेवढंच आहे, मग मागच्या वर्षीचा ब्लाउज का बसेना?" वजनकाट्याला चरबी आणि स्नायू वेगळे कळत नाहीत. टेपला बऱ्यापैकी कळतं.

लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं. उंची आणि कंबर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. उंचीला २० ने गुणा, कंबरेने भागा. आलेला आकडा बायकांनी ७६ मधून वजा करायचा, पुरुषांनी ६४ मधून. उरते ती चरबीची अंदाजे टक्केवारी. उंची १५५, कंबर ८८ असेल तर ३१०० भागिले ८८ म्हणजे ३५.२, आणि ७६ मधून गेले की ४०.८ टक्के.

खरी मेख कंबर मोजण्यात आहे. कपड्यासाठी आम्ही नेसायच्या जागेवर माप घेतो आणि वर बोटभर सैल सोडतो. इथे तसं चालत नाही. परकराच्या नाडीचा वळ दिसतो तिथेच बऱ्याच जणी टेप लावतात, पण ती जागा नव्हे. कुशीवर बोटं दाबत खाली या. कडक हाड लागेल, त्याच्या वरच्या कडेला टेकून टेप उघड्या अंगावर गुंडाळा. आरशासमोर उभं राहा, कारण पाठीमागे टेप हटकून खाली घसरते. श्वास सहज सोडा आणि मग आकडा बघा. पोट आत ओढायचं नाही. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. त्याच बाईचं माप ८८ ऐवजी ८६ घेतलं, तर उत्तर ४०.८ वरून ४० वर येतं, म्हणून दोनदा तरी मोजा.

जुनी कापडी टेप ताणून लांबते. आधी लोखंडी पट्टीशी धरून बघा. उंची घेताना चप्पल काढा, अंबाडा सोडा.

अमेरिकी नौदलाची पद्धतही चांगली आहे. तिला मानेचं माप लागतं, बायकांना नितंबाचंही. गणित किचकट, ते मोबाइलवरच करावं. मात्र दोन्हींची उत्तरं एकमेकांशी ताडून बघू नका. उंची १७०, मान ३८ आणि दोन्हीकडे कंबर ९२ धरली, तर त्या पुरुषाला नौदलाची पद्धत २३ टक्के सांगते आणि वरचं सूत्र २७. एक धरा, तीच चालवा.

गरोदर बाईने आणि नुकत्याच बाळंत झालेलीने हे करू नये. आणि टक्के काहीही येवोत, भारतीय बाईची कंबर ८० च्या वर किंवा पुरुषाची ९० च्या वर असेल, तर डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब तपासून घ्याच.

माप महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी घ्या. पाळीच्या दिवसांत पोट फुगतं, ते दिवस सोडा. वहीत तारखेपुढे टक्क्यांबरोबर कंबरेचं मापही लिहा.